अबू ग्रेब : पहारा कोणाचा, चौकशी कोणाची?

वळचण

इराकमधला अबू ग्रेब तुरुंग म्हटलं की फोटो आठवतात, अमेरिकन सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाचे, २००४ मध्ये बाहेर आलेले. डोक्यावर काळी टोपडी ओढून खोक्यावर उभा केलेला तो माणूस, हातांना बांधलेल्या तारा, 'खाली पडलास तर शॉक बसेल' अशी धमकी. ते फोटो इतके भयंकर होते की बाकीचं सगळं त्यांच्या मागे झाकलं गेलं. म्हणून इथे फोटोंवर कमी लिहितो. मला रस आहे तो त्या तुरुंगाचं रोजचं कामकाज कसं चालायचं यात. लष्कराचे स्वतःचे अहवाल वाचले तर तो प्रकार आकाशातून पडला नव्हता हे चांगलंच कळतं.

थोडी पार्श्वभूमी. तुरुंग बगदादच्या पश्चिमेला साधारण ३० किलोमीटरवर. सद्दामच्या काळात फाशी आणि छळासाठी बदनाम. ऑक्टोबर २००२ मध्ये सद्दामने सरसकट माफी देऊन तो रिकामा केला. २००३ च्या एप्रिलमध्ये बगदाद पडलं आणि लोकांनी त्याची दारं, खिडक्या, अगदी विटाही काढून नेल्या. मग अमेरिकन सैन्याने डागडुजी करून तोच तुरुंग वापरायला घेतला. 'आम्ही तुम्हाला सद्दामपासून सोडवायला आलो' म्हणणाऱ्यांनी सद्दामचाच तुरुंग निवडावा! ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचा सत्कार व्हायला हवा.

उन्हाळ्यात बंडखोरी पेटली तशी धरपकड वाढली. रात्री घरात शिरायचं आणि सापडतील ते पुरुष उचलायचे. ऑक्टोबर २००३ मध्ये अबू ग्रेबमध्ये सुमारे ७,००० कैदी होते आणि त्यांच्यावर जेमतेम ९० लष्करी पोलीस. अमेरिकन संरक्षण खात्याने नेमलेल्या श्लेसिंजर समितीने हे प्रमाण ७५ कैद्यांमागे एक पहारेकरी असं दिलंय. त्याच वेळी ग्वांतानामोत (क्युबातला अमेरिकन तळ, दहशतवादाच्या संशयितांचा तुरुंग) ते जवळजवळ एकास एक होतं. त्यात भर म्हणजे तुरुंगावर बाहेरून उखळी तोफांचा मारा व्हायचा. पहाऱ्यावरचे बहुतेक जण राखीव दलातले. ज्या ३७२ व्या कंपनीतले सैनिक पुढे गाजले ती मेरीलँडची, आणि तिला युद्धकैदी सांभाळायचं प्रशिक्षण नव्हतं.

आता मुद्द्याचं. ऑगस्ट २००३ च्या अखेरीस ग्वांतानामोचे प्रमुख मेजर जनरल जेफ्री मिलर इराकमध्ये आले. इराकी कैद्यांकडून माहिती निघत नाही ही तक्रार होती, तिच्यावर उपाय सुचवायचा होता. त्यांच्या शिफारशीचं सार असं, की चौकशी यशस्वी व्हावी यासाठी लागणारी परिस्थिती तयार करण्यात पहारेकऱ्यांनीही भाग घ्यावा. कागदावर वाक्य अगदी निरुपद्रवी दिसतं. काही महिन्यांनी मेजर जनरल अँटोनियो तागुबा यांनी चौकशी केली तेव्हा त्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. लष्करी पोलिसांचं काम कैद्यांना सुरक्षित आणि माणसासारखं ठेवणं, चौकशीसाठी त्यांना 'तयार करणं' हे त्यांचं काम नाही आणि लष्कराच्या नियमांत ते बसतही नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं.

पहारेकऱ्याच्या हातात काय काय असतं बघा. जेवण, झोप, कपडे, अंथरूण, संडासला जायची परवानगी, दिवा चालू की बंद. चौकशी अधिकारी दिवसातून दोन तास समोर बसतो, पहारेकरी २४ तास. त्यालाच एकदा चौकशीच्या कामाला जुंपलं की त्याच्या हातातली प्रत्येक गोष्ट हत्यार होते. आणि या चौकशीची नोंद कुठेच होत नाही. तागुबांसमोर एका सार्जंटने जबाब दिलाय, की गुप्तवार्ता विभागाचे लोक येऊन सांगायचे : याला जरा सैल करा, याची रात्र वाईट जाईल असं बघा. वाईट रात्र म्हणजे नेमकं काय, हे ठरवायचं कोणी? रात्रपाळीच्या पोरांनी.

१९ नोव्हेंबर २००३ ला तर आदेश काढून सगळा तळच गुप्तवार्ता ब्रिगेडच्या कर्नल थॉमस पापास यांच्या ताब्यात दिला. तुरुंगाची जबाबदारी असलेल्या ८०० व्या लष्करी पोलीस ब्रिगेडच्या प्रमुख जॅनिस कार्पिन्स्की आणि पापास यांच्यात कोणाचं कोणावर चालतं, हे तळावरच्या लोकांनाही धड सांगता येत नव्हतं.

तर माझं म्हणणं एवढंच : पहारा आणि चौकशी यांच्यामधली भिंत पाडली तिथे हे ठरलं. तुम्हाला काय वाटतं?

तिरकस

लेख चांगला, पण निष्कर्ष घाईचा. ज्या फोटोंनी जग हादरलं त्यातल्या कैद्यांपैकी बरेच जण चौकशीसाठी आणलेलेच नव्हते. एका फोटोत नग्न कैद्यांचा मनोरा रचलेला दिसतो, त्या रात्रीचे कैदी दुसऱ्या छावणीत दंगा केला म्हणून आणले होते. त्यांच्याकडून कोणाला कसलीच माहिती नको होती. तुम्ही ज्या श्लेसिंजर समितीचे आकडे देताय तीच म्हणते, की फोटोंत दिसणारे प्रकार कुठल्याही मंजूर चौकशीचा भाग नव्हते. मग 'चौकशीची तयारी' कुठून आली? ३७२ व्या कंपनीतल्या ग्रेनर आणि मंडळींनी रात्रपाळीत मजा म्हणून केलं. ग्रेनर आणि त्याच कंपनीतला फ्रेडरिक दोघेही घरी असताना तुरुंगातच नोकरी करत होते, म्हणजे प्रशिक्षण नव्हतं ही सबबही त्यांना लागू नाही. नासके आंबे होते, बाजूला काढले, विषय संपला.

जाईजुई

तिरकसराव, आंबे नासले ते मान्य, पण आढी कोणी लावली?

वळचण

@तिरकस, मुद्दा रास्त आहे आणि तो टाळायचा नाही. मनोऱ्यातले लोक गुप्तवार्तेच्या कामाचे नव्हते, खरं आहे. पण जनरल फे यांनी गुप्तवार्ता ब्रिगेडची वेगळी चौकशी केली. तिच्यात छळाच्या ४४ घटना नोंदल्या आहेत आणि त्यांपैकी अनेकींत गुप्तवार्तेचे लोक हजर होते, सांगत होते किंवा बघून गप्प होते. फोटो काढले गेले त्याच १-ए नावाच्या कोठड्यांच्या विभागात कैद्यांना नागडं ठेवणं, कुत्रे अंगावर सोडायची भीती घालणं, झोपू न देणं हे रोजचं झालं होतं. कुत्र्यांचा आणि अवघडून उभं ठेवण्याचा वापर तर इराकमधल्या फौजांचे प्रमुख जनरल सांचेझ यांच्या १४ सप्टेंबर २००३ च्या पत्रात चक्क परवानगीच्या यादीत होता. १२ ऑक्टोबरला सुधारित पत्र आलं, यादी आखडली, पण खाली कोणता कागद पोचला आणि कोणता नाही याचा पत्ता नाही. उघडा माणूस हे जिथे नेहमीचं दृश्य आहे, तिथे ग्रेनरने त्याच्या पुढची पायरी गाठली. पायऱ्या त्याने बांधल्या नव्हत्या. त्याचा गुन्हा यामुळे तसूभरही कमी होत नाही.

अभ्यासू कासव

त्या पायऱ्या कोणी बांधल्या ते सांगतो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

७ फेब्रुवारी २००२ ला बुश यांनी ठरवलं, की अल कायदाच्या कैद्यांना जिनिव्हा करारांचं संरक्षण नाही, माणसासारखं वागवायची किमान हमी देणारं सामायिक कलम ३ सुद्धा नाही. १ ऑगस्ट २००२ ला न्याय खात्याच्या कुप्रसिद्ध पत्राने छळाची व्याख्या इतकी वर नेऊन ठेवली, की अवयव निकामी होण्याइतक्या वेदना झाल्या तरच त्याला छळ म्हणायचं. २ डिसेंबर २००२ ला संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी ग्वांतानामोसाठी काही पद्धती मंजूर केल्या आणि सहीखाली हाताने लिहिलं, की मी रोज ८-१० तास उभा असतो, मग यांना उभं ठेवायची मर्यादा ४ तासच का? (आपल्या मेजापाशी, स्वतःच्या मर्जीने, बूट घालून उभं राहणं आणि हे एकच!) नौदलाचे मुख्य कायदा सल्लागार अल्बर्टो मोरा यांनी जोरदार हरकत घेतली तेव्हा जानेवारी २००३ मध्ये ती मंजुरी मागे घेतली गेली.

आता या पद्धती आल्या कुठून? कोरियन युद्धात चिन्यांनी अमेरिकन वैमानिकांकडून 'आम्ही जंतुयुद्ध केलं' अशा खोट्या कबुल्या वदवल्या होत्या. ते कसं केलं याचा अभ्यास अमेरिकन हवाई दलासाठी अल्बर्ट बायडरमन या समाजशास्त्रज्ञाने केला आणि १९५७ मध्ये तक्ता मांडला : एकांतवास, झोप तोडणं, उपासमार, अपमान, अधूनमधून एखादी मेहेरबानी. पुढे अमेरिकन सैनिक शत्रूच्या हाती पडले तर टिकून राहावेत म्हणून एक प्रशिक्षण असतं, त्यात हेच प्रकार नियंत्रित स्वरूपात करून दाखवले जातात. २००२ मध्ये याच प्रशिक्षणातली माणसं ग्वांतानामोत शिकवायला गेली आणि बायडरमनचा तक्ता वर्गात वाटला गेला, त्याचं मूळ शीर्षक तेवढं गाळून. सिनेटच्या सशस्त्र दल समितीने २००८ च्या अहवालात हा सगळा प्रवास लावून दाखवलाय.

म्हणजे खोटी कबुली मिळवण्यासाठी बनलेलं तंत्र खरी माहिती काढायला वापरलं. याहून मोठा मूर्खपणा मला तरी माहीत नाही.

जाईजुई

कासवदादा, त्यात बगराम राहिलं. डिसेंबर २००२ मध्ये अफगाणिस्तानातल्या बगराम तळावर दिलावर नावाचा २२ वर्षांचा टॅक्सीवाला मेला. मनगटं छताला साखळीने बांधून उभं ठेवलं होतं आणि पहारेकरी मांड्यांवर गुडघ्याने मारायचे. पायांच्या आतल्या मांसाचा लगदा झाला होता, असं शवविच्छेदनात आलं. शेवटी शेवटी चौकशी करणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटत होतं, की हा निर्दोष आहे. त्याच्या काही दिवस आधी हबीबुल्ला नावाचा कैदी असाच मेला होता. बगरामवर चौकशी करणाऱ्या ५१९ व्या गुप्तवार्ता बटालियनचे लोक २००३ मध्ये अबू ग्रेबला आले. पद्धती अशाच प्रवास करतात, ट्रंकेत घालून.

आणि मनादेल अल-जमादी. ४ नोव्हेंबर २००३. त्याला सीआयएने आणलं. नोंद नाही, कैद्याचा क्रमांक नाही. हात पाठीमागे बांधून, ते वर खिडकीच्या गजांना अडकवून चौकशी. तासाभरात तो गेला. प्रेत बर्फात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी हाताला सलाईन लावून, आजारी माणसाला नेतोय असं भासवत बाहेर काढलं. लष्कराच्याच डॉक्टरांनी मनुष्यवध म्हणून नोंद केली. त्या मृत्यूसाठी सीआयएच्या कोणावरही खटला चालला नाही, २०१२ मध्ये न्याय खात्याने फाईल बंद केली. असे बिननोंदीचे कैदी रेड क्रॉसचे लोक आले की तुरुंगात इकडून तिकडे हलवले जायचे, हे तागुबांच्या अहवालात आहे.

ही सगळी चर्चा आपण ग्रेनर, मिलर, रम्सफेल्ड अशी करतोय. आत होते कोण? फेब्रुवारी २००४ च्या अहवालात रेड क्रॉसने लिहिलंय, की अमेरिका आणि मित्रदेशांच्या फौजांतल्या गुप्तवार्ता अधिकाऱ्यांनीच त्यांना अंदाज सांगितला : पकडलेल्यांपैकी ७० ते ९० टक्के लोक चुकून पकडलेले.

खडकवासी

सगळं वाचलं. वाईट वाटलं. पण एक अप्रिय प्रश्न विचारतो, मला झोडपू नका. रोज रस्त्यात बॉम्ब फुटतायत, तुमचे सैनिक मरतायत, आणि पुढचा बॉम्ब कुठे आहे हे समोरच्या माणसाला माहीत आहे. तेव्हा काय त्याला चहा पाजायचा? युद्धात सोवळं पाळून चालत नाही. थोडा दम दिला, दोन रात्री झोपू दिलं नाही, त्यातून दहा जीव वाचले तर?

अभ्यासू कासव

@खडकवासी, झोडपत नाही, प्रश्न प्रामाणिक आहे. पण त्यात एक गृहीतक लपलंय, की समोरच्याला माहीत आहे हे तुम्हाला आधीच पक्कं ठाऊक आहे. जाईजुईंनी दिलेला ७०-९० टक्क्यांचा आकडा परत वाचा. ज्याला काहीच माहीत नाही त्याला तुम्ही झोपू दिलं नाही, तर तिसऱ्या दिवशी तो काहीतरी सांगेलच. सांगण्यासारखं नसेल तर रचून सांगेल. मग त्या पत्त्यावर रात्री छापा, आणखी चार पुरुष आत.

सर्वांत महागडं उदाहरण अल कायदाचा म्हणून पकडलेल्या इब्न अल-शेख अल-लिबीचं. २००१ च्या अखेरीस पकडला, नंतर इजिप्तच्या ताब्यात दिला. तिथे छळाखाली त्याने सांगितलं, की इराकने अल कायदाला रासायनिक आणि जैविक शस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. ५ फेब्रुवारी २००३ ला, इराक युद्धाच्या तोंडावर, परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत जे भाषण केलं त्यात हा दावा होता. २००४ मध्ये अल-लिबीने सगळं मागे घेतलं. दहा जीव वाचवायचा हिशेब मांडायचा तर हा जमाखर्चही मांडा.

आणि चहाचं म्हणाल, तर हो, चहाच. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाचा हान्स शार्फ ओबरउर्सेलच्या केंद्रात अमेरिकन लढाऊ वैमानिकांची चौकशी करायचा. मारणं नाही, ओरडणं नाही. कैद्याला घेऊन रानात फिरायला जायचा. त्याची युक्ती अशी, की आपल्याला सगळं माहीत आहेच असं दाखवायचं आणि मधे एक चूक सोडून द्यायची. अमेरिकन विमानांच्या गोळ्यांचा माग मधेच लालऐवजी पांढरा का दिसतो, हे जर्मनांना कळत नव्हतं. शार्फ एका वैमानिकाला गप्पांत म्हणाला, तुमच्याकडे रसायनाचा तुटवडा झालेला दिसतो. वैमानिकाने लगेच दुरुस्त केलं : छे, गोळ्या संपत आल्याची ती खूण असते. संपली चौकशी! माहिती दिली हे त्या बिचाऱ्याला कळलंही नसेल. युद्धानंतर शार्फ अमेरिकेतच स्थायिक झाला आणि मोझेकचा कलावंत म्हणून नाव कमावलं.

अमेरिकेचं स्वतःचंही उदाहरण आहे. वॉशिंग्टनजवळ फोर्ट हंटमध्ये ३,००० हून जास्त जर्मन कैद्यांची चौकशी झाली. चौकशी करणाऱ्यांत नाझींपासून पळून आलेले ज्यू तरुण पुष्कळ. सूड घ्यायचं कारण कोणाकडे होतं तर त्यांच्याकडे. ते बुद्धिबळ खेळायचे, गप्पा मारायचे, आणि कोठड्यांत छुपे मायक्रोफोन होते. २००७ मध्ये त्या म्हाताऱ्यांचा सन्मान झाला तेव्हा काहींनी इराकमधल्या प्रकारांवर उघड नाराजी बोलून दाखवली.

तिरकस

महायुद्धातले सगळे काय संत होते? ब्रिटिशांचा रॉबिन स्टीफन्स घ्या. कॅम्प ०२० या हेरांच्या चौकशी केंद्रात 'हात लावायचा नाही' हा नियम करणारा म्हणून त्याचं कौतुक होतं. युद्धानंतर जर्मनीतल्या बाड नेनडॉर्फचं केंद्र त्याच्याच हाताखाली होतं आणि तिथे कैदी उपाशी, थंडीत कुडकुडत ठेवले गेले, काही मेले. १९४७ मध्ये ते बंद करावं लागलं. स्टीफन्सवर कोर्ट मार्शल झालं, सुटला.

अभ्यासू कासव

अगदी बरोबर, आणि हे सांगितलंत ते बरं केलंत. पण हे वळचण यांच्या बाजूचं उदाहरण झालं ना? तोच माणूस, तोच नियम माहीत असलेला. जागा बदलली, देखरेख सुटली, कैदी हरलेल्या देशाचे. साहेबाच्या चांगुलपणावर तुरुंग चालत नाहीत.

पावसाळी ढग

मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं अवांतर. अबू ग्रेबच्या चर्चेत कोणी ना कोणी १९७१ चा स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोग (विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवलेला) आणतंच, म्हणून आधीच सांगते. श्लेसिंजर अहवालाच्या परिशिष्टात तो आहे आणि प्रयोग करणारे झिम्बार्डो फ्रेडरिकच्या बाजूने तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभेही राहिले. पण त्या प्रयोगात पहारेकरी झालेल्या विद्यार्थ्यांना कडक वागायला आधीच शिकवलं गेलं होतं, हे नंतर बाहेर आलंय. त्यामुळे 'कोणालाही गणवेश द्या, तो आपोआप राक्षस होतो' हे त्यातून सिद्ध होत नाही. वरून काय अपेक्षा आहे हे माणसं चटकन ओळखतात, एवढं मात्र दिसतं. अबू ग्रेबला मला तरी तेच जास्त लागू वाटतं.

शिवाय सगळे वाहून गेले नाहीत. विल्यम किम्ब्रो हा नौदलातला कुत्रे सांभाळणारा. दबाव आला तरी त्याने चौकशीसाठी कुत्रा न्यायला नकार दिला. तागुबांनी अहवालात त्याची नावानिशी स्तुती केलीय. ग्रेनरच्याच कंपनीतल्या जोसेफ डार्बीने त्याच्याकडे इराकमधले फोटो मागितले, सीडीत भलतंच निघालं. त्याने जानेवारी २००४ मध्ये ती लष्करी गुन्हे अन्वेषणाकडे दिली. नाव गुप्त ठेवायचं ठरलं होतं. मे महिन्यात रम्सफेल्ड यांनी सिनेटपुढे, टीव्हीवर, त्याचं नाव घेऊन आभार मानले. तेव्हा डार्बी इराकमध्येच होता, भोजनगृहात, सोबत्यांच्या गर्दीत. पुढे त्याला आपल्या गावी परत राहायला जाता आलं नाही.

निवृत्त कारकून

शिक्षा कोणाला झाल्या ते कोणी एकत्र लिहील का? वाचून वाचून गोंधळ झालाय.

वळचण

थोडक्यात देतो. ११ सैनिक दोषी ठरले. ग्रेनरला १० वर्षं (२०११ मध्ये सुटला), फ्रेडरिकला ८, लिंडी इंग्लंड या सैनिक तरुणीला ३, बाकीच्यांना त्याहून कमी. तुरुंगात गेलेल्यांत सर्वांत वरचा हुद्दा स्टाफ सार्जंटचा, म्हणजे फ्रेडरिकचा. त्याच्या वर कोणीही तुरुंगात गेलं नाही. कर्नल पापासना ताकीद आणि ८,००० डॉलर दंड. कार्पिन्स्कींचा हुद्दा ब्रिगेडियर जनरलवरून कर्नलवर आणला. खटला चाललेला एकमेव अधिकारी लेफ्टनंट कर्नल स्टीव्हन जॉर्डन. तो २००७ मध्ये छळाच्या आरोपांतून सुटला. चौकशीबद्दल बोलू नको हा आदेश मोडल्याचा तेवढा दोष राहिला होता, तोही पुढे रद्द झाला. भिंत पाडायची शिफारस करणारे मिलर २००४ मध्ये इराकमधल्या सगळ्या तुरुंगांचे प्रमुख म्हणून नेमले गेले. हो, फोटो बाहेर येत होते त्याच सुमारास. इथे मला विनोद करता येत नाही.

खडकवासी

कासव, अल-लिबीचं माहीत नव्हतं. तो मुद्दा पटला. ज्याच्या सामानात नकाशे आणि तारा सापडल्यात त्याच्याबाबतीत मी अजून कुंपणावर आहे. पण सगळ्या कैद्यांना एकाच मापाने मोजणं चूक, हे मान्य.

निवृत्त कारकून

आभारी आहे वळचण. अजून एक. खाजगी कंपन्यांची माणसंही तिथे चौकशी करत होती असं ऐकलंय. त्यांचं काय झालं? सैनिक निदान कोर्ट मार्शलला तरी सापडतो.

जाईजुई

होती. चौकशी अधिकारी सीएसीआय या कंपनीचे, दुभाषे टायटनचे. टायटनच्या वारसदार कंपनीने ७१ कैद्यांशी तडजोड करून सुमारे ५२.८ लाख डॉलर दिले. सीएसीआय शेवटपर्यंत लढली. खटला २००८ मध्ये दाखल झाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हर्जिनियातल्या ज्युरीने तीन इराकी कैद्यांना मिळून ४.२ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. तिघांतला एक शाळेचा मुख्याध्यापक, एक पत्रकार, एक फळविक्रेता. आपल्या माणसांनी छळ केला नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं.

पावसाळी ढग

आणि आता नियम काय आहेत? निदान अमेरिकन सैन्यात?

अभ्यासू कासव

डिसेंबर २००५ मध्ये सिनेटर जॉन मॅकेन यांच्या रेट्यामुळे क्रूर आणि अमानुष वागणुकीवर कायद्याने बंदी आली. सप्टेंबर २००६ च्या नव्या लष्करी नियमावलीत नग्न करणं, कुत्रे वापरणं, डोक्यावर टोपडी घालणं, पाण्यात गुदमरवणं हे नावं घेऊन मना केलंय, आणि पहारेकऱ्यांनी कैद्यांना चौकशीसाठी 'तयार' करायचं नाही हेही लिहिलंय. म्हणजे वळचण यांची भिंत कागदावर परत बांधली. २०१५ मध्ये संसदेने ती नियमावली सीआयएसकट सगळ्यांना बंधनकारक केली.

एक फट मात्र ठेवलीय. त्याच नियमावलीचं परिशिष्ट 'एम'. युद्धकैद्याचा दर्जा नसलेल्या माणसाला वरिष्ठांच्या मंजुरीने इतरांपासून तोडून एकटा ठेवता येतो, आणि त्याला २४ तासांत ४ तास सलग झोप मिळाली की नियम पाळला असं धरलं जातं. मंजुरी ३० दिवसांची असते, वाढवता येते. ३० दिवस रोज ४ तास झोप, एकट्याने. खडकवासींच्या 'दोन रात्री'शी ताडून बघा.